आमच्या घरी उष्मांक

दिवाळीच्या अंकात पथ्याच्या स्वयंपाकावर लिहिणे म्हणजे लग्नाच्या मांडवात श्राद्धाचा विषय काढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या पानावर अनारशांची कृती असणार, पुढच्या पानावर सोनाराची जाहिरात असणार, आणि अंक वाचणाऱ्याच्या दुसऱ्या हातात बहुधा चिवड्याची वाटी असणार. ती वाटी खाली ठेवा असे मी म्हणत नाही. फक्त ती केवढी आहे एवढे एकदा पाहून घ्या. गेल्या दहा महिन्यांत आमच्या घरी जे काही घडले, ते वाटीच्या आणि चमच्याच्या आकारावरून घडले.

सुरुवात गेल्या दिवाळीनंतर झाली. आमचे हे सांगलीतच एका बँकेत अधिकारी आहेत. वय एक्कावन्न, उंची पाच फूट सहा इंच आणि वजन तेव्हा ८४ किलो. तक्रार काही नव्हती. बँकेतल्या चार मंडळींनी रक्त तपासून घेतले म्हणून ह्यांनीही घेतले, आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा जो आकडा असतो तो ६.३ आला. हा आकडा ५.७ च्या खाली असला तर माणूस निर्धास्त आणि ६.५ ला पोहोचला तर मधुमेही. मधल्या पट्ट्यातला माणूस काठावरचा. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ताच नको. पाच-सहा किलो वजन उतरवा, रोज चाला, आणि दिवसाच्या खाण्यातून पाचशे कॅलरी कमी करा." हे मान डोलावून घरी आले आणि त्या पाचशे कॅलरी त्यांनी माझ्या स्वाधीन केल्या. आमच्या घरी विजेचे बिल हे भरतात आणि पथ्यपाणी मी बघते, अशी जुनी वाटणी आहे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यामुळे कॅलरी घरात शिरताच मी तिला आधी मराठी वेष चढवला. आपल्याकडे तिला उष्मांक हा शब्द आहे. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे आहारातली एक कॅलरी. वासाचा, रुचीचा, आग्रहाचा काही संबंध नाही. पुरणपोळी काय आणि दगडी कोळसा काय, जळताना किती ऊब देतो एवढाच प्रश्न. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना खोलीवजा यंत्रात बसवून ह्याचे मोजमाप केले, आणि पिष्टमय पदार्थ व प्रथिने ह्यांच्या एका ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला नऊ, हा हिशेब जगाला दिला. पुढे १९१८ साली लुलू हंट पीटर्स ह्या डॉक्टरीणबाईंनी पुस्तक लिहून घरोघरच्या बायकांना कॅलरी मोजायला शिकवले. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असा त्यांचा उपदेश. आपल्याकडेही कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली आपल्या धान्याभाज्यांची कोष्टके निघाली, आणि त्याच परंपरेतून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांचा नवा तक्ता छापला. तात्पर्य, माहितीची टंचाई नव्हती. टंचाई होती ती चमच्याची.

आमच्या स्वयंपाकघरात मापाचा चमचाच नव्हता. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले ह्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले म्हणतात. आमच्या घरापर्यंत पुस्तक आले, माप उंबऱ्याबाहेरच राहिले. आमच्या सासूबाई तेल घालतात ते "डोळ्याला दिसेल एवढं", मीठ घालतात ते "हाताला कळेल एवढं", आणि पीठ भिजवतात ते "किती माणसं आहेत ते बघून, वर एक." हा वरचा एक कोण, हे आजवर कुणी पाहिलेले नाही. पण तो रोज जेवतो.

मी बाजारातून एक छोटा वजनकाटा आणला, मापाच्या चमच्यांचा जुडगा आणला, आणि माणसे तोलायचा काटाही आणला. त्यावर पहिल्या दिवशी गंमत म्हणून सगळ्यांची वजने झाली. हे ८४, मी ६३, चिरंजीव ५८, आणि सासूबाई ४६. ही चारही वजने मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. स्वयंपाकघरातला काटा बघून सासूबाई म्हणाल्या, "सोनाराचा काटा कशाला आणलास गं? भेंडी तोळ्यावर घ्यायची व्हय आता?"

मग पाककृती सुरू झाल्या. मोबाईलवर शोधल्या, शेजारणींकडून आणल्या, लायब्ररीतून दोन पुस्तके आणली. घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही देऊन गेला. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा आणि तूप सोडू नका म्हणतात, आणि आमच्या नात्यात ह्या दोन्ही पक्षांची माणसे असल्यामुळे एका बारशाला जवळजवळ भांडणच व्हायचे. मी कुठल्याच पक्षात गेले नाही. मी आपली बिनतेलाच्या फोडणीच्या मागे लागले.

बिनतेलाची फोडणी ही गोष्ट ज्यांनी लिहिली त्यांनी ती करून पाहिली असेल असे मला वाटत नाही. कोरड्या कढईत मोहरी टाकली की ती तडतडत नाही. ती निघून जाते. अर्धी ओट्यावर, अर्धी गॅसच्या शेगडीत. जी राहते ती कडू होते. हिंग कोरडा भाजला की औषधाच्या दुकानासारखा वास सुटतो, आणि हळद पाण्यात घातली की भाजीला रंग येतो तो जुन्या भिंतीचा. पहिल्या दिवशीची ती कोबीची भाजी चिरंजीवांनी बघितली आणि "आई, आजारी कोण आहे?" असे विचारले. ह्यांनी मात्र खाली मान घालून ती संपवली. लग्नाला तेवीस वर्षे झाली, पण ह्यांच्याबद्दल मला इतका आदर क्वचितच वाटला असेल.

नंतर कारण शोधले तेव्हा कळले, की हिंगाचा वास, मिरचीचा तिखटपणा, हळदीचा रंग ही सगळी तेलात उतरणारी मंडळी आहेत. पाण्याशी त्यांचे जमत नाही. गाजरातले आणि पालेभाजीतले अ जीवनसत्त्वही अंगी लागायला थोडा स्निग्ध पदार्थ सोबत लागतो. म्हणजे तेल ही नुसती चैन नव्हे. ते वाहन आहे. फक्त एका माणसाला न्यायला आपण ट्रक पाठवतो.

ओट्सचा उपमा झाला. तो पानातून उचलता येईना. वर्तमानपत्राची कात्रणे चिकटवायला उत्तम. पीठ पेरून सिमला मिरची तेलाशिवाय केली, तर पिठाचे गोळे आणि मिरचीचे तुकडे शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. बिनतेलाच्या थालीपिठाची तर पाटी झाली. थालीपिठाला मध्ये भोके का पाडतात हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळले. आणि संक्रांतीच्या सुमारास मी चकल्या कढईत न तळता ओव्हनमध्ये भाजल्या. मोहन घातले नाही, कारण मोहन म्हणजे कडकडीत तेल आणि तेल म्हणजे ग्रॅमला नऊ. त्या चकल्या दिसायला अगदी जाहिरातीतल्यासारख्या होत्या. सासूबाईंनी एक हातात घेतली, दातांखाली धरली, आणि काही न बोलता परत ताटलीत ठेवली. ताटलीत ठेवताना तिचा आवाज झाला.

अशा रीतीने दोन महिने गेले. आमच्या घरातला आनंद पुष्कळ कमी झाला, आणि ह्यांचे वजन अर्धा किलो.

तेव्हा मी पाककृती बाजूला ठेवल्या आणि हिशेब मांडायला बसले. हे काम मी आधी करायला हवे होते. आम्ही घाण्यावरून महिन्याला पाच किलो शेंगतेल आणतो. माणसे चार, दिवस तीस. म्हणजे दर माणशी रोजचे ४१ ग्रॅम, आणि नऊने गुणले की पावणेचारशे उष्मांक. हे नुसते तेल. त्यावर साजूक तूप, दाण्याचे कूट, खोबरे हे पाहुणे वेगळेच. मग मी ह्यांचा दिवस लिहून काढला. पोळीला तीस ग्रॅम कणीक लागते, तिचे शंभर. तिच्यावर फिरवलेल्या चमचाभर तेलाचे पंचेचाळीस. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी एकशे सत्तर, आणि तिला तेल लागत नाही. संकष्टीच्या साबुदाण्याच्या खिचडीचे ताट मोजले तर साडेचारशेच्या घरात गेले. साठ ग्रॅम साबुदाणा, दोन चमचे कूट, दोन चमचे तूप, बटाटा. त्यापेक्षा ह्यांनी वरणभात खाल्ला असता तर गणपतीही रागावला नसता. पुरणपोळीही तेवढ्याचीच निघाली, पण पुरणपोळी निदान आपण पुरणपोळी आहोत हे लपवत नाही.

खरा चोर मात्र जेवणात नव्हताच. तो बँकेत होता. हे बँकेत चार वेळा चहा घेतात, आमच्या भागातला, म्हशीच्या दुधाचा, चमचा उभा राहील असा. कपाला दोन चमचे साखर म्हणजे चाळीस आणि अर्धा कप दूध म्हणजे ऐंशी. एकशे वीस चोक चारशे ऐंशी! डॉक्टरांचे पाचशे उष्मांक रोज बशीतून पिऊन होत होते आणि मी इथे कोबी उकडत होते.

"अहो, चार कप?" मी विचारले.

"अगं, आलेल्या माणसाला एकट्याला कसा पाजायचा?" हे म्हणाले.

चार कपांचे दोन झाले आणि साखर सुटली. साखर सुटायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांतले ह्यांचे बोलणे मी इथे देत नाही. संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन यायचे, हेही ठरले. मे महिन्यात वजन ८० झाले.

स्वयंपाकाचेही तेव्हा जमू लागले, कारण नव्या पाककृतींचा नाद सोडला आणि घरातल्याच जुन्या पदार्थांत कमी तेलावर चालणारे कोण आहेत ते शोधले. ते पुष्कळ निघाले. वांग्याचे भरीत घ्या. कृष्णाकाठचे वांगे जाळावर भाजले, सोलले, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन चमचे दही घातले, की फोडणी चार माणसांत मिळून एक चमचा पुरते. हिरवे मूग रात्री भिजवून, आले-मिरची घालून वाटले की धिरडी होतात. तव्याला तेलाचा बोळा फिरवला तरी ती सुटतात. पिठले पाण्यात आधी कालवून झाकण ठेवून वाफेवर शिजवले तर पळीभर तेल मागत नाही. थालीपीठ पातळ थापावे, त्यात किसलेला दुधी घालावा म्हणजे ओल राहते, तव्यावर झाकण ठेवावे आणि भोकांत मिळून एकच चमचा सोडावा. ते खुसखुशीत नाही तरी मऊ होते. आणि सगळ्यांत उपयोगी पडली ती वरून द्यायची फोडणी. भाजी वाफेवर शिजवायची, आणि वाढायच्या अगदी आधी लहान कढल्यात एक चमचा तेल तापवून, मोहरी-हिंग-हळदीची चुरचुरीत फोडणी वरून ओतायची. वास सगळा वर राहतो, पहिल्या घासालाच भेटतो. आधी घातलेले चार चमचे तेल तळाशी बसते आणि त्याची आठवण फक्त भांडी घासताना येते.

इथवरची हकीकत यशाची आहे आणि इथे थांबले असते तर लेख दोन पानांनी कमी झाला असता. पण वहीच्या पहिल्या पानावर चार वजने होती, आणि मी दर रविवारी त्यांतले एकच तपासत होते.

आमच्या सासूबाई जत तालुक्यातल्या. वय एकोणऐंशी. आमच्या भागात बायकाही "मी जातो", "मी खातो" म्हणतात, तशाच त्या बोलतात, आणि बोलतात ते कमीच. १९७२ च्या दुष्काळात त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि खडी फोडायला जात. तिथे मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला तो तांबडा मिलो, हे त्यांच्या तोंडून मी कधीतरी तुटक तुटक ऐकले आहे. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "दिवाळीला पाव किलो तेल आणलं तर पाडव्यापतोर पुरवायचं. बोट बुडवायचं आणि तव्यावर फिरवायचं." हे ऐकले तेव्हा मला ती जुन्या काळची गोष्ट वाटली. माझ्या तव्यावर फिरणारा तेलाचा बोळा आणि ते बोट ह्यांची गाठ माझ्या मनात कधी पडलीच नाही. आमटीवर लाल तवंग आला की त्यांचा चेहरा का खुलतो, आणि आलेल्या माणसाच्या पानात त्या तूप वाढत नाहीत, ओततात ते का, ह्याचा मी विचार केला नव्हता.

आपली भाषाही ह्या बाबतीत त्यांच्याच बाजूची आहे. वजन वाढलेल्या माणसाला आपण "तब्येत सुधारली हं" म्हणतो. मूल बाळसे धरते, मुलगी अंगाने भरते, जावई खात्यापित्या घरचा दिसतो. उलट उतरलेल्याला आपण वाळलास, रोडावलास, खंगलास म्हणतो. काटकुळा, हडकुळा, पाप्याचे पितर. सडपातळ आणि शेलाटी हे दोन शब्द कौतुकाचे आहेत खरे, पण ते कादंबरीच्या नायिकेसाठी राखून ठेवलेले. घरच्या माणसाला कुणी शेलाटी म्हटलेले मी ऐकले नाही. आणि तेल, तूप, लोणी ह्या सगळ्यांना मिळून संस्कृतात नाव आहे स्नेह. हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. मुलांना गंमत वाटते, मग मी पुढच्या धड्याकडे वळते.

आषाढात एके दिवशी सासूबाई विळीवर गवारी मोडत बसल्या होत्या. हात वर केला तशा त्यांच्या हातातल्या बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. पूर्वी त्या मनगटापाशीच असत. मी त्यांना काट्यावर उभे केले. ४१.

मी पुन्हा उभे केले. काटा फरशीवर नीट बसला नसेल म्हणून दुसऱ्या जागी ठेवून उभे केले. त्या म्हणाल्या, "कितीदा चढवतीस? देवीच्या पायऱ्या हाईत व्हय?"

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त, लघवी, छातीचा फोटो, गळ्यातल्या ग्रंथीची तपासणी, सगळे करून घेतले. निकाल येईपर्यंतच्या चार दिवसांत मी किती वाईट कल्पना केल्या ते सांगवत नाही. काही निघाले नाही. मग डॉक्टरांनी विचारले, "जेवण कसं आहे?" मी मोठ्या अभिमानाने आमच्या घरचा स्वयंपाक सांगितला. वाफेवरची भाजी, चमचाभर फोडणी, बिनतुपाचा भात. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "पथ्य कुणाचं आहे?"

"ह्यांचं."

"मग ह्या कशासाठी करतायत?"

मला उत्तर देता येईना. ते समजावून म्हणाले, की म्हाताऱ्या माणसाचे वजन सहा-आठ महिन्यांत शेकडा पाचने जरी आपोआप उतरले तरी आम्ही जागे होतो. इथे तर शेकडा दहाच्या वर गेले आहे. ह्या वयात उतरते ती नुसती चरबी नव्हे, दंडा-मांड्यांचे मांस जाते, आणि मग माणूस न्हाणीघरात पडतो. मुलाला जे औषध आहे ते आईला तसे नाही. त्यांना तूप द्या, दूध द्या, डाळ जास्त द्या, दाण्याचा लाडू द्या.

माझी वही एका माणसाची होती, पण कढई चौघांची होती. चिरंजीवांचे काही बिघडले नाही. ते कॉलेजच्या बाहेर वडापाव खाऊन भरपाई करत होते, हे मला मागाहून कळले. सासूबाई बाहेर कुठे जाणार? पण घरात तुपाचा डबा होता, त्याला कुलूप नव्हते. घरी आल्यावर मी त्यांना विचारले, "आई, तुम्ही वरून तूप का घेतलं नाहीत? मी नको म्हटलं होतं का?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लेकाच्या पानात तूप न्हाई, आणि त्याच्या म्होरं बसून मी भातावर तूप ओढून घेऊ व्हय गं?"

ह्यांनी हे ऐकले. ते उठून बाहेर गेले. त्या संध्याकाळी ते घाटावर जरा जास्तच वेळ चालले असावेत.

दुसऱ्या दिवसापासून मी सासूबाईंच्या वाटीवर वेगळी फोडणी घालू लागले, पण ते त्यांना पटेना. एका पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला एक वाढणे ह्याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात आणि ते पाप आहे. डॉक्टरांचे नाव घेतले, त्या बधल्या नाहीत. शेवटी वाट निघाली ती बँकेच्या वेळापत्रकातून. हे साडेनवाला जातात आणि सहाला येतात. तेव्हा सासूबाईंचे खरे जेवण दुपारी साडेबाराला होऊ लागले, लेक समोर नसताना. वरणभातावर दोन चमचे तूप, घट्ट वरण, वाटीभर दही. चार वाजता दाण्याचा आणि गुळाचा एक लाडू. तो दोनशेचा आहे, मी तोलला आहे. रात्री मात्र त्या लेकाच्या पंगतीला बसतात आणि लेकासारखेच जेवतात. मला कॉलेज असते त्या दिवशी लाडू डब्यात ठेवून जाते आणि परत आल्यावर डबा उघडून बघते. पहिल्या आठवड्यात लाडू तसाच असे. "तू आल्यावर दोघी खाऊ म्हणलं," असे उत्तर मिळे. मग मी आल्यावर दोघी खाऊ लागलो. त्यांचे वजन आज साडेत्रेचाळीस आहे.

ह्यांचे ७८ झाले आणि तो ६.३ चा आकडा ५.८ वर आला. अजून काठावरच, पण पाण्यापासून दूर. अमेरिकेत अशाच काठावरच्या माणसांवर मोठा प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन शेकडा सातने उतरवायचे आणि आठवड्याला अडीच तास चालायचे, एवढेच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५८ ने कमी झाले. ८४ चे ७८ म्हणजे शेकडा सातच होतात. हे मी ह्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग एक कप चहा?"

राहता राहिली मी. माझे वजन ह्या दहा महिन्यांत दीड किलोने वाढले. हे कसे झाले ते शोधायला मी एक आठवडा स्वतःचाही हिशेब लिहिला, म्हणजे पानात वाढून घेतलेला नव्हे, पानाबाहेरचा. चिरंजीवांनी टाकलेली अर्धी पोळी. कुकरच्या भांड्याला लागलेला भात. कढईच्या तळाशी राहिलेली भाजी, आता फ्रीजमध्ये एवढीशी काय ठेवायची म्हणून. पातेल्याची साय. फसलेला उपमा, कारण तो दुसरे कुणी खाईना. रोजचे सरासरी तीनशे भरले! ह्यातले काहीही मी जेवले असे मला वाटत नव्हते. माझ्या आईला वाटत नव्हते, सासूबाईंना वाटत नाही, आणि हे वाचणाऱ्या पुष्कळ जणींनाही वाटत नसणार. वाया जायला नको म्हणून पोटात जाते त्याला आपल्या भाषेत जेवण हा शब्दच नाही, उरलेसुरले म्हणतात. कोष्टकात ५२८ पदार्थ आहेत. त्यात हा नाही.

दिवाळीची तालीम म्हणून परवा श्रावणातच आम्ही अर्धा किलो भाजणीच्या चकल्या केल्या. ओव्हनचे नाव कुणी काढले नाही. मोहन व्यवस्थित घातले. सासूबाई कढईसमोर खुर्ची टाकून झारा घेऊन बसल्या आणि मी तळण्याआधीचे आणि तळल्यानंतरचे तेल तोलले. चाळीस चकल्यांनी दीडशे ग्रॅम तेल प्यायले होते. मोहन धरून एका चकलीत पाच ग्रॅम. भाजणीचे आणि तेलाचे मिळून एक चकली नव्वदाची. ती मोडताना आवाज झाला, पण तो चांगला आवाज होता.

मी वही उघडून आकडा लिहीत होते तेव्हा सासूबाईंनी विचारले, "काय लिव्हतीस?"

"कुणाला किती, ते."

त्यांनी झाऱ्याने चार चकल्या बाजूला काढल्या. "त्याच्या नावावर एक लिही. माझ्या नावावर दोन." मग कढईतून निघालेले चकल्यांचे तुकडे मी नकळत तोंडात टाकत होते, त्यांच्याकडे झारा दाखवून म्हणाल्या, "आणि हे मोडकंतोडकं तुझ्या नावावर लिहिलंस का न्हाई, ते दाव बघू आधी."